येसगीच्या पुलापर्यंत

(संस्थेच्या पालक मेळाव्यात केलेले भाषण, स्मरणिकेसाठी लिहून काढले आहे.)



मला विषय दिला गेला होता, ‘मैदानी उपक्रम आणि विद्यार्थ्यांचा सर्वांगीण विकास’. ‘सर्वांगीण विकास’ या शब्दावर बी.एड.च्या वर्षात आम्ही इतकी पाठटाचणे लिहिली आहेत की आता तो शब्द उच्चारताना मलाच संकोच वाटतो. म्हणून मी विकासावर न बोलता येसगीच्या पुलावर बोलणार आहे. आपल्या बिलोलीहून बोधनकडे जाताना मांजरा नदीवर जो पूल लागतो, तोच. आपल्यापैकी प्रत्येकजण त्यावरून शंभर वेळा गेला असेल. लग्नाला, मयतीला, दवाखान्याला. पण पुलाखाली उतरून नदी पाहिलेले किती जण आहेत? आठवीच्या वर्गात मी हा प्रश्न विचारला तेव्हा तीन हात वर आले.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत फज्रनंतर आम्ही पायी निघालो. प्रत्येकाजवळ भाकरी, चटणी आणि पाण्याची बाटली. एक शिट्टी, एक होकायंत्र आणि रस्सीखेचीचा शाळेतला जुना दोर. पुलावर पोहोचल्यावर मुलांना विचारले, नदी कोणत्या दिशेला वाहते? बहुतेकांनी पूर्वेला किंवा दक्षिणेला म्हणून सांगितले, कारण नकाशात महाराष्ट्राच्या मोठ्या नद्या तशाच वाहताना दिसतात. होकायंत्र ठेवून पाहिले तर पाणी उत्तरेकडे चालले होते. मुले गोंधळली. तिथेच वाळूवर काडीने मांजरा काढून दाखवली. बीड जिल्ह्यात बालाघाटच्या डोंगरात ती उगम पावते, लातूरकडून कर्नाटकात बीदरला जाते, तिथून तेलंगणात शिरते, मग वळण घेऊन उत्तरेला येते. वाटेत तिला 1923 ते 1931 या काळात बांधलेले निजामसागर धरण अडवते. आणि मग ती पुन्हा आपल्या तालुक्याच्या कडेने वाहत कुंडलवाडीच्या बाजूला गोदावरीला मिळते. 724 किलोमीटरचा प्रवास. मराठवाड्यातून गेलेली नदी कन्नड आणि तेलुगू मुलखातून फिरून पुन्हा मराठवाड्याला भेटायला येते, हे मी वर्गात फळ्यावर चार वर्षे शिकवले होते. त्या दिवशी ते पहिल्यांदा कोणाला तरी समजले.

यानंतरची गोष्ट सांगताना मला माझीच चूक कबूल करावी लागणार आहे. ऊन चढले होते. पात्रात एके ठिकाणी पाणी साचलेले होते, संथ आणि गुडघाभर दिसणारे. मुलांनी पाय भिजवू द्या म्हणून हट्ट धरला आणि मी हो म्हणालो. तेवढ्यात वर्गात शेवटच्या बाकावर बसणारा एक मुलगा आडवा झाला. त्याचे वडील काही वर्षे वाळूच्या ट्रॅक्टरवर भरणीला होते. तो म्हणाला, “नक्को सर, गड्ढा है.”

मला ते पटले नाही. त्याने वाद घातला नाही. रस्सीखेचीच्या दोराला दगड बांधला, काठापासून तीन पावलांवर टाकला आणि दोर सोडत गेला. दगड तळाला लागल्यावर ओढून काढून ओला भाग हाताने मोजला. नऊ हात भरला. एक हात म्हणजे दीड फूट, असा हिशेब मुलांनीच तिथे केला. साडेतेरा फूट. माझी उंची साडेपाच फूट आहे आणि मला पोहता येत नाही.

वाळू उपसून झालेले हे खड्डे पावसाळ्यानंतर पाण्याने भरतात, त्यांची कड सरळ तुटलेली असते, आणि वरून काही कळत नाही. हे ज्ञान आठवीच्या कोणत्याच पुस्तकात नाही. ज्या मुलाला मी दर चाचणीत नापासाचा शेरा देत होतो त्याच्याजवळ ते होते. आम्ही सर्वजण मागे फिरलो, पुलाच्या सावलीत भाकरी खाल्ली आणि परत निघालो. परतीच्या वाटेवर तो मुलगा रांगेत सर्वांत पुढे चालत होता. त्याला मी पुढे केले नव्हते, मुलांनीच केले होते.

इंग्लंडमध्ये ब्राउनसी बेटावर 1907 च्या ऑगस्टमध्ये बेडन-पॉवेल यांनी सुमारे वीस मुलांचे शिबिर घेतले, त्यातून पुढे स्काऊट चळवळ उभी राहिली. श्रीमंत निवासी शाळांतली मुले आणि कामकरी घरांतली मुले त्यांनी मुद्दाम एकत्र ठेवली, लहान लहान तुकड्या पाडल्या आणि प्रत्येक तुकडीचा प्रमुख मुलांतूनच नेमला. आपल्या देशात 1950 साली भारत स्काऊट्स आणि गाईड्स ही एकच संघटना झाली, आणि तुकडीची ती पद्धत तिथे आजही आहे. मी ती पुस्तकात वाचली होती. तिचा उपयोग काय, हे येसगीला कळले.

आता पालकांच्या भीतीविषयी बोलतो. ती खोटी आहे असे मी म्हणणार नाही. 1 फेब्रुवारी 2016 रोजी मुरुडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला गेलेले 14 विद्यार्थी बुडाले. ती बातमी ज्या घरांनी टीव्हीवर पाहिली, त्या घरांत पुढची कित्येक वर्षे सहलीच्या चिठ्ठीवर सही झाली नसेल. मी त्या घटनेत दोष कोणाचा, याची चर्चा करणार नाही. एवढेच म्हणतो की मूल घरात ठेवल्याने पाण्याची ओळख होत नाही. ते उद्या अठरा वर्षांचे होईल, मित्रांबरोबर जाईल, आणि तेव्हा चिठ्ठीवर सही मागायला कोणी येणार नाही. बसमध्ये बसवून तीन दिवसांत सात ठिकाणे दाखवणाऱ्या सहलीतही ही ओळख होत नसते. ती ओळखीच्या नदीवर, थोड्या मुलांबरोबर, हळूहळू करून द्यावी लागते.

आणि मागे फिरायला शिकवावे लागते. त्या वेळच्या औरंगाबादचे, आजच्या छत्रपती संभाजीनगरचे पोलीस शिपाई शेख रफीक यांचे नाव आपण अभिमानाने घेतो. ते 2014 साली एव्हरेस्टला गेले, तेव्हा हिमस्खलनात सोळा शेर्पा दगावले आणि त्यांना परतावे लागले. 2015 साली पुन्हा गेले, तर नेपाळचा भूकंप झाला. 2016 च्या मे महिन्यात ते शिखरावर पोहोचले. शिखराचा फोटो सर्वांनी पाहिला. मला मात्र मुलांना त्यांची दोन वेळची परतवाट सांगावीशी वाटते.

मघापासून मी ‘मुले’ म्हणतो आहे, ते शब्दशः घ्यावे. त्या पहिल्या फेरीत एकही मुलगी नव्हती. वर्गात सतरा मुली आहेत. सतरा चिठ्ठ्या गेल्या, सतरा कोऱ्या परत आल्या. मी मनात धरले होते की कारण धर्माचे असेल, लोक काय म्हणतील याचे असेल. मग घरोघर जाऊन बसलो. एका आपांनी चहा दिला आणि विचारले, “सर, तिकडे मुलींना लघवीला जागा कुठे आहे?” मला उत्तर देता आले नाही. दुसऱ्या घरी विचारले, बाई कोण सोबत आहेत? तिसऱ्या घरी विचारले, किती वाजता परत? यातला एकही प्रश्न मागासलेला नाही. उलट हे प्रश्न मी आधी स्वतःला विचारायला हवे होते.

दुसऱ्या फेरीला आमच्या शाळेतल्या एक शिक्षिका आल्या. रस्त्यालगतच्या एका ओळखीच्या घरी मुलींची सोय आधीच विचारून ठेवली. अकरा मुली आल्या, आणि त्यांच्याबरोबर दोन माताही आल्या. त्यांपैकी एकीचे माहेर बोधनचे. वीस वर्षे त्या पुलावरून एस.टी.ने जात होती, नदीच्या वाळूत पाय त्या दिवशी पहिल्यांदा ठेवला. तिने ओलाव्याला उगवलेली घोळीची भाजी मुलींना दाखवली, खुडायची कशी ते शिकवले. येताना मुलींच्या ओढणीत भाजी होती आणि निबंधाच्या वहीत तिचे चित्र.

त्याच पुलापलीकडे निजामाबाद जिल्हा सुरू होतो. त्या जिल्ह्यातल्या पाकाला गावची, शेतमजुराची मुलगी मालावत पूर्णा 25 मे 2014 रोजी एव्हरेस्टवर चढली तेव्हा तिचे वय 13 वर्षे 11 महिने होते, म्हणजे आपल्या आठवी-नववीचे. ती तेलंगणाच्या समाजकल्याण निवासी शाळेत शिकत होती आणि तिने कातळ चढायला सुरुवात केली ती भोनगीरच्या टेकडीवर. 2018 मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांचे पाच आदिवासी विद्यार्थी शिखरावर गेले, त्यांचेही आरंभीचे शिक्षण भोनगीरलाच झाले होते. मला आपल्या मुलींना एव्हरेस्टला पाठवायचे नाही. मला त्यांना कंधारला न्यायचे आहे.

कंधारला हजरत हाजी सय्याह यांच्या उरुसाला आपल्यापैकी बरेच जण जातात. सय्याह म्हणजे प्रवासी. प्रवाशाच्या दर्ग्यावर चादर चढवायची आणि मुलांना वेशीबाहेर सोडायचे नाही, याचे मला थोडे हसू येते, क्षमा करा. तिथला भुईकोट किल्ला राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याच्या काळाशी जोडला जातो. भोवती खंदक आहे, आत फारसी शिलालेख आहेत. उर्दू वाचणारी आपली मुले त्यातली अक्षरे तरी लावू शकतील. खंदकाची रुंदी पलीकडे न जाता त्रिकोणांवरून काढता येते, भूमितीचे ते प्रकरण मी तिथेच घेणार आहे. सराव म्हणून आपल्या गावातल्या नवाब सरफराज यांच्या दगडी मशिदीची उंची सावलीवरून काढून झाली आहे. दोन गटांच्या उत्तरांत चार फुटांचा फरक आला, ते भांडण अजून मिटलेले नाही.

संस्थेकडे माझे मागणे थोडे आहे. वीस मीटरचा चांगला दोर, दोन प्रथमोपचार पेट्या आणि पोहता येणारा एक माणूस. दर दहा मुलांमागे एक मोठे माणूस असल्याशिवाय मी निघणार नाही. खर्चाचे म्हणाल, तर मार्च 2023 पासून एस.टी.त महिलांना अर्धे तिकीट आहे, तेव्हा या वेळी मुलींची फेरी मुलांपेक्षा स्वस्त पडेल.

परवानगीच्या चिठ्ठ्या दारापाशी टेबलावर ठेवल्या आहेत. निघण्याची आणि परतण्याची वेळ, सोबतच्या शिक्षिकांचे नाव आणि मुलींच्या सोयीची जागा त्यात लिहिली आहे. खाली एक नवी ओळ कोरी ठेवली आहे: सोबत येणाऱ्या पालकाचे नाव.