घोडा गेला, कोचवान उरला

(नभोवाणीवरील भाषण)

दहा मिनिटं मिळाली आहेत आणि सांगायची गोष्ट एकच आहे, म्हणून ती आधीच सांगून टाकतो. जुन्या गाड्यांच्या संग्रहालयात गेलात, तर सर्वांत आधी चालवणाऱ्याची बसायची जागा बघा. रंग नंतर, चाकं नंतर, गाडीशेजारी उभं राहून फोटो तर अगदी शेवटी. आधी बैठक. हे मी पुन्हा पुन्हा म्हणणार आहे. कारण रेडिओ ऐकता ऐकता तुम्ही कुकरच्या शिट्ट्याही मोजत असता, हे मला माहीत आहे.

पॅरिसच्या गार द्यु नोर स्थानकावरून गाडी पकडली की ईशान्येला सुमारे ८० किलोमीटरवर काँपिएन लागतं. इतिहासाच्या पुस्तकातलं हे गाव. पहिल्या महायुद्धाचा १९१८चा शस्त्रसंधी जवळच्याच जंगलात, रेल्वेच्या डब्यात झाला. सगळे पर्यटक ती जागा बघायला जातात. आपण गावातल्या राजवाड्यात जायचं. पंधराव्या लुईनं बांधायला काढलेला हा वाडा. पुढे तिसरा नेपोलियन शरद ऋतूत पाहुण्यांचा गोतावळा घेऊन इथं उतरायचा. या वाड्यात १९२७ सालापासून गाड्यांचं राष्ट्रीय संग्रहालय आहे. नाव राष्ट्रीय, पण वाड्याच्या पसाऱ्यात ते एखाद्या कोपऱ्यासारखं वाटतं. घोड्यांच्या बग्ग्या, जुन्या सायकली, वाफेच्या गाड्या आणि सुरुवातीच्या मोटारी, असं सगळं खानदान एकाच छपराखाली. ‘एकाच छपराखाली’ हे शब्द लक्षात ठेवा. पुष्कळ ठिकाणी बग्ग्या एका इमारतीत आणि मोटारी दुसऱ्या इमारतीत असतात. म्हणजे आजी एका गावात, नात दुसऱ्या गावात; नाक कुणावर गेलंय ते कळणार कसं?

मीही पहिल्यांदा गेलो तेव्हा सगळे करतात तेच केलं. दीड-दोनशे वर्षांच्या बग्ग्यांसमोरून लग्नाच्या पंगतीत वाढपी धावतो तसा धावलो आणि थेट शर्यतीच्या गाडीपाशी जाऊन उभा राहिलो. गाडीचं नाव ‘ला जामे काँतांत’, म्हणजे ‘कधीच समाधान न होणारी’. शंभर किलोमीटरचा वेग ओलांडणारी जगातली पहिली मोटार. साल १८९९. आणि ती पेट्रोलवर नव्हे, विजेवर चालत होती. आज बॅटरीची स्कूटर घेऊन भविष्यात पाऊल टाकल्याच्या थाटात जे फिरतात ना, त्यांनी या गाडीपुढे दोन मिनिटं उभं राहावं.

तिचा घाट कसा? तोंडलं डोळ्यांसमोर आणा. दोन्ही टोकांना निमुळतं, मध्ये फुगीर. वारा कापायचा म्हणून मुद्दाम दिलेला आकार. पत्रा ॲल्युमिनियमच्या हलक्या मिश्रधातूचा. मागच्या चाकांना दोन विजेच्या मोटारी, हवा भरलेले मिशेलिनचे टायर आणि पोटात ठासून भरलेल्या बॅटऱ्या. आणि चालवणारा? इथं जरा थांबा. चालवणारा या तोंडल्याच्या आत नाहीच. तो वर बसलाय! निम्मं अंग बाहेर, छाती वाऱ्याला. वारा कापायला एवढं सुबक तोंडलं घडवलं आणि त्यावर एक अख्खा दाढीवाला माणूस भिंतीसारखा बसवला. गाडीखालची चौकटसुद्धा उघडीच. मला हसू आलं. मग मागे वळून पाहिलं, तर ज्या बग्ग्या मी ओलांडून आलो होतो, त्या सगळ्यांवर कोचवानाची जागा तशीच उंच, तशीच उघडी. माझं हसू तिथंच विरलं. तो शर्यतवीर कोचवानाच्या जागेवर बसला होता.

बग्गीत ती जागा उंच का? कारण पुढे घोडे. त्यांच्या पाठीवरून रस्ता दिसायला हवा, लगाम आणि चाबूक चालवायला हात मोकळा हवा. चोख हिशेब आहे. पण शर्यतीच्या या गाडीपुढे कुठला घोडा होता? घोडा गेला, कोचवान उरला.

तुम्ही म्हणाल, पोटात बॅटऱ्या होत्या, माणूस बसणार कुठं? रास्त आहे. पण त्या काळातल्या दुसऱ्या गाड्याही बघा. आदल्या वर्षी, १८ डिसेंबर १८९८ रोजी, पॅरिसजवळच्या आशेर इथं काउंट शासलू-लोबा यानं एक किलोमीटर अंतर ५७ सेकंदांत तोडलं. तासाला सुमारे ६३ किलोमीटर. वेगाचा हा पहिला अधिकृत विक्रम, आणि तोही विजेच्याच गाडीचा. ती गाडी बनवणारा जांतो मुळात कोण? बग्ग्या बनवणारा कारागीर. त्याच्या गाडीवरही चालक असाच ताठ, उंच. मग बेल्जियमचा कामीय जेनात्सी ईर्षेला पेटला. लाल दाढीमुळे लोक पुढे त्याला लाल सैतान म्हणायला लागले. चार महिने दोघांची जुगलबंदी चालली; एकदा हा पुढे, एकदा तो. शेवटी २९ एप्रिल १८९९ रोजी जेनात्सीनं जामे काँतांतवर बसून तोच एक किलोमीटर ३४ सेकंदांत संपवला. १०५.८८ किलोमीटर वेग. तिचं तोंडलंही घडवलं ते बग्ग्यांची कामं करणाऱ्या घराण्यानंच. हात जुने, सवय जुनी, फक्त शक्ती नवी.

आता आमच्या आजीची गोष्ट. विषयांतर नाही, ऐका. आमच्याकडे गॅस आला तेव्हा जोडणी करणारा माणूस आजीला म्हणाला, शेगडी उंचावर ठेवा हं. आजी हो म्हणाली. तो माणूस जिना उतरला आणि आजीनं शेगडी उचलून जमिनीवर ठेवली, नेमकी चूल होती तिथं. समोर पाट मांडला, एक गुडघा वर घेतला आणि भाकरी थापायला बसली. चूल जमिनीवर का असते? लाकडं सारायची असतात, राख ओढायची असते, जाळ डोळ्यांसमोर हवा. गॅसला यातलं काहीच लागत नाही. पण आजीचं अंग चुलीच्या मापाचं झालेलं. फुंकणीसुद्धा शेगडीशेजारी तशीच! एकदा ज्योत मंद वाटली म्हणून तिनं सवयीनं फुंकर मारली आणि ज्योत विझवली. आम्ही पोरं हसलो. आईनं आधी गॅस बंद केला, मग आमच्या पाठीत धपाटे घातले. घरात उभ्याचा ओटा आला तो पुढे कित्येक वर्षांनी, आजीच्या गुडघ्यांनी जाब विचारल्यावर.

जामे काँतांत म्हणजे जमिनीवर ठेवलेली गॅसची शेगडी. ज्वाळा नवी, पाट जुना. हे एवढं कळलं तरी माझी दहा मिनिटं सत्कारणी लागली. पण अजून वेळ आहे, म्हणून तसेच परत बग्ग्यांकडे चला.

आता निवांत बघा. मालकासाठी आत गादी, काचा, पडदे. खाली स्प्रिंगा अशा, की खड्डा आला तरी पोटातलं पाणी हलू नये. आणि कोचवान? बाहेर. पाऊस असो, बर्फ असो. घोड्यांसाठी त्याला बाहेर बसावं लागे, कबूल. मग पुढे मोटारी आल्या. त्यांतल्या बड्या लोकांच्या काही गाड्यांचे फोटो बघा. मालक मागे बंद खोलीत आणि शोफर पुढे, डोक्यावर छप्पर नाही! घोडा नाही, लगाम नाही, तरी हा बिचारा पावसात का? शेगडीचा पाट इथंही आहे, पण या पाटावर दुसऱ्याला बसवलंय. सवय म्हणून आपण जे सोडून देतो, त्यात पायरी दाखवायची हौस किती, हेही तपासायला हवं. यावर खरं तर वेगळं भाषण होईल. असो.

शोफर शब्दावरून आठवलं. शोफर म्हणजे मुळात तापवणारा, शेगडी पेटवणारा! काँपिएनला ‘ला माँसेल’ नावाची १८७८ सालची वाफेची गाडी आहे, आमेदे बोले यानं बनवलेली. वरून दिसायला बग्गी. चालवणारा पुढे, बॉयलर मागे, आणि त्या बॉयलरशी कोळसा टाकणारा दुसरा माणूस. तो शोफर. पुढे कोळसा गेला, बॉयलर गेला, आणि चालवणाऱ्यालाच ते नाव चिकटलं. आग गेली तरी नाव पेटतंच.

आणि आपली भाषा तरी काय कमी आहे? टॅक्सीवाल्याला आपण म्हणतो, डिकी उघडा. डिकी म्हणजे काय, विचारलंत कधी? बग्गीच्या मागच्या बाजूला नोकरांसाठी जे आसन असे, ते डिकी. नोकर उतरले, त्यांच्या जागी आपल्या बॅगा आल्या. डॅशबोर्ड म्हणजे घोड्यांच्या टापांनी उडणारा चिखल अंगावर येऊ नये म्हणून लावलेली पुढची फळी. आज त्या फळीवर गणपती आहे आणि मोबाईल आहे. चिखल उडवणारं कुणी उरलेलं नाही. स्टेपनीची गोष्ट तर याहून गमतीची आहे, पण ती... राहू दे, वेळ जाईल.

काचेपलीकडून दोन बोटं दाखवताहेत. दोन मिनिटं. तर मुद्दा पुन्हा: बसायची जागा बघा. आणि जमलं तर तिच्याबरोबर इंजिनाची जागाही. मोटारीचं इंजिन इतकी वर्षं पुढे का राहिलं? सोयीची कारणं होती, नाही कशाला म्हणू? पण घोडा पुढे असतो, हेही मनात होतंच. बैल गाडी ओढतो, ढकलत नाही, असं खुद्द एन्झो फेरारी म्हणाल्याचं सांगतात. १९५९ साली कूपर नावाच्या लहानशा गाडीनं इंजिन चालकाच्या पाठीमागे ठेवून फॉर्म्युला वनचं विश्वविजेतेपद नेलं. दोन वर्षांनी, १९६१ साली, फेरारीनंही इंजिन मागे नेऊनच ते परत मिळवलं. मग चालक खाली खाली सरकत गेला, जवळजवळ निजलाच. जेनात्सी जिथं छाती काढून बसला होता, तिथून तोंडल्याच्या आत शिरायला माणसाला साठ वर्षं लागली. आमच्या आजीला ओट्यापाशी उभं राहायला लागली त्यापेक्षा बरीच जास्त.

शेवटचं, आपल्या मुंबईचं. गेटवेपाशी आणि मरीन ड्राइव्हला फिरणाऱ्या व्हिक्टोरिया घोडागाड्या तुम्हाला आठवत असतील. घोड्यांचे हाल बघून २०१५ साली उच्च न्यायालयानं त्या बंद करायला सांगितल्या. योग्यच झालं. पुढे २०२१ साली विजेच्या व्हिक्टोरिया आल्या. तोच डौल, तीच मोठी चाकं, पुढे घोडा मात्र नाही. बग्गीच्या पोटात बॅटरी. म्हणजे जांतोनं सव्वाशे वर्षांपूर्वी जे केलं, तिथंच आपण फिरून आलो! फरक एवढाच, की जांतोला दुसरी गाडी सुचत नव्हती म्हणून त्यानं बग्गीसारखी केली, आणि आपण आठवण म्हणून मुद्दाम तशी केली. आठवणीनं ठेवलेला पाट आणि सवयीनं राहिलेला पाट यांत फरक आहे. तो फरक कसा ओळखायचा, हे सांगायचं मनात होतं, पण आता एकच बोट वर आहे.

तेव्हा श्रोतेहो, काँपिएनला जाणं जमो न जमो. जवळच्या कुठल्याही संग्रहालयात एखादी बग्गी, एखादा टांगा, एखादी म्हातारी मोटार असेल. मुलांना घेऊन जा. त्यांना वेग विचारू नका, किंमत विचारू नका. विचारा, चालवणारा कुठं बसायचा आणि तिथंच का? मग घरी येऊन तुमच्या स्वतःच्या स्वयंपाकघरात... हो, हो, थांबतो.

आधी बैठक बघा.