हमीदा बानूची कुस्ती



सातारा-सांगलीत कुस्ती समजावून सांगायची गरज नाही. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी 1952 साली हेलसिंकीहून कांस्यपदक आणलं, हे इथल्या पोरासोरांनाही ठाऊक आहे. त्याच काळात हमीदा बानू ही मुस्लिम बाई कुस्तीवर पोट भरत होती. तिचं नाव मात्र आपल्याकडे कुणी काढत नाही.

ती उत्तर प्रदेशातली. 1954 मध्ये तिने जाहीर केलं, मला हरवेल त्याच्याशी लग्न करीन. बडोद्यात बाबा पैलवान 1 मिनिट 34 सेकंदांत हरला. पुण्यात मात्र रामचंद्र साळुंखेंबरोबरची कुस्ती स्थानिक कुस्ती संघाच्या हरकतीमुळे रद्द झाली. तिने मुख्यमंत्री मोरारजी देसाईंकडे तक्रार केली. उत्तर आलं, बाई म्हणून बंदी नाही, पण तुझ्यासमोर नकली पैलवान उभे करतात अशा तक्रारी आहेत. आता नुरा कुस्ती काय बायकांनी काढली? पुरुषांच्या फडातही ती होतेच की! त्यापायी कुणी त्यांचे फड बंद केले नाहीत.

युरोपात लढायचं ठरवलं तेव्हा तिच्या वस्तादानेच मारहाण करून तिचे हात मोडले, असं तिच्या नातवाने सांगितलंय. पुढे कल्याणला दूध विकून ती जगली.

2023 मध्ये सांगलीतच पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली. आपल्या सांगलीची प्रतीक्षा बागडी जिंकली. अंतिम कुस्तीत समोर होती कल्याणची वैष्णवी पाटील.

उद्या आपल्या मोहल्ल्यातली मुलगी तालमीत जाते म्हणाली, तर खुराकाचा खर्च कोण उचलणार आणि तिच्या अब्बांशी कोण बोलणार, ते आज उठण्याआधी ठरवू.