अंतराळाचा खेळ आणि चौथीतील एक प्रश्न
(प्राथमिक शिक्षकांपुढे केलेल्या भाषणावरून)



अंतराळविषयक प्रयोगांचा खेळ घेऊन मी प्राथमिक शाळांतून हिंडत असतो, म्हणून आपण मला येथे बोलाविले आहे. त्या खेळाच्या यशाविषयी बोलण्याऐवजी त्यात माझ्या हातून झालेली एक चूक आपणांपुढे मांडण्याची मी परवानगी घेतो.

या खेळात मुलांना सर्वांत आवडतो तो फुग्याचा अग्निबाण. ताणलेल्या दोरीत कागदी नळी ओवावयाची, तिला फुगविलेला फुगा चिकटवावयाचा आणि त्याचे तोंड मोकळे करावयाचे. हवा मागे जाते, फुगा पुढे धावतो आणि वर्ग डोक्यावर घेतला जातो. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चंद्रावर उतरले, तेव्हापासून तर या फुग्यालाही मुले चांद्रयानच म्हणतात. त्यानंतर मी अंतराळ स्थानकात तरंगणाऱ्या अंतराळवीरांची चित्रे दाखवीत असे व मोठ्या आवाजात सांगत असे, "तेथे गुरुत्वाकर्षण नाही!" टाळ्या ठरलेल्याच.

एका जिल्हा परिषद शाळेत चौथीतील एक मुलगी टाळ्या थांबल्यावर उभी राहिली. "गुरुजी, तिथं ओढ नाही, तर त्याच्याही पलीकडच्या चंद्राला कोण धरून ठेवतं?" तासाभरापूर्वीच मी सांगितले होते की, पृथ्वीच्या ओढीमुळे चंद्र तिच्याभोवती फिरतो. मी काहीतरी हसून बोललो आणि पुढच्या प्रयोगाकडे वळलो. खरे सांगावयाचे तर त्या क्षणी मला उत्तर देता आले नाही. आणि जे वाक्य मी इतकी वर्षे म्हणत आलो, ते चुकीचे होते.

अंतराळ स्थानक पृथ्वीपासून सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर फिरते. शाळेतील पृथ्वीचा गोल ३० सेंटीमीटर व्यासाचा असेल, तर त्या प्रमाणात ही उंची जेमतेम एक सेंटीमीटर, म्हणजे बोटाच्या रुंदीएवढी भरते. चंद्र मात्र त्याच प्रमाणात मोसंबीएवढा होतो आणि तो नऊ मीटर दूर ठेवावा लागतो. मुलांच्या हाती मोसंबी देऊन "चंद्र कोठे ठेवाल?" असे विचारून पाहा. बहुतेक जण ती गोलापासून हातभर अंतरावर ठेवतात. त्यात त्यांचा दोष नाही. पुस्तकाचे पानच तेवढे रुंद असते! बोटभर उंचीवर पृथ्वीची ओढ संपेल कशी? तेथे ती जमिनीवरच्या ओढीच्या जवळजवळ नऊ-दशांश असते.

मग माणसे तरंगतात का? याचे उत्तर पाण्याच्या रिकाम्या बाटलीत आहे. बाटलीच्या बुडाजवळ एक भोक पाडा, पाणी भरा आणि झाकण काढून ठेवा. पाण्याची धार लागते. आता मुलांना विचारा : ही बाटली वरून सोडून दिली, तर पडताना धार वाढेल, कमी होईल, की तशीच राहील? येथे घाई करू नये. प्रत्येकाला हात वर करावयास लावावे, फळ्यावर आकडे लिहावेत, दोन मुलांना वाद घालू द्यावा. नंतर टेबलावर उभे राहून बाटली सोडावी. बाटली पडत असेपर्यंत धार थांबते. दोन मीटरांचे अंतर सुमारे ०.६ सेकंदात संपते, म्हणून प्रयोग चार-पाच वेळा करावा व मुलांना बाजूला, डोळ्यांच्या पातळीवर बाटली दिसेल असे बसवावे. पाणी आणि बाटली दोन्ही सारख्याच वेगाने पडत असल्यामुळे पाणी भोकातून बाहेर ढकलले जात नाही. ओढ नाहीशी झालेली नसते. ओढीमुळेच तर बाटली पडते.

अंतराळ स्थानकही असेच अखंड पडत असते. एका सेकंदात ते सात किलोमीटरांहून अधिक पुढे जाते आणि त्याच सेकंदात पृथ्वीकडे सुमारे चार मीटर पडते. परंतु पृथ्वी गोल असल्यामुळे तेवढ्या अंतरात तिचा पृष्ठभागही तितकाच खाली वळलेला असतो. पडणे चालू राहते, जमीन येत नाही. २०२५ च्या जून-जुलैमध्ये शुभांशु शुक्ल तेथे सुमारे १८ दिवस राहिले, ते असे पडत पडतच. चंद्राचेही तेच. दोन्ही प्रश्नांना एकच उत्तर आहे.

खेळातील बाकीचे प्रयोग आपणांस परिचित आहेत. परातीतील पिठावर खडे टाकून विवरे करता येतात आणि त्यावरून बुलढाणा जिल्ह्यातील लोणारची गोष्ट सांगता येते. भरदुपारी उभ्या काठीची सावली नाहीशी होण्याचे दिवस महाराष्ट्रात वर्षातून दोन येतात. पण मुंबईपुरते सांगावयाचे तर त्यांतील एक मे महिन्याच्या सुट्टीत आणि दुसरा जुलैच्या ढगांत हरवतो. हे आपल्या वेळापत्रकाचे दुर्दैव!

पुढील वर्षी मी बाटली घेऊन मुद्दाम त्याच शाळेत गेलो. चौथीपर्यंतचीच ती शाळा. मुलगी पाचवीसाठी दुसऱ्या गावी गेली होती. तिचा धाकटा भाऊ दुसरीत होता. टेबलावर त्यालाच उभे केले आणि बाटली त्याच्या हाती दिली. तीनदा त्याने ती सोडली. चौथ्यांदा मात्र सोडावयास तयार होईना, म्हणाला, "ही घरी नेऊ का? ताईला दाखवायची आहे."