चारचौघांचें घर
[नभोवाणीवरील भाषण]

आज मी आपणांस लंडनमधील एका मद्यगृहांत घेऊन जाणार आहे. हें वाक्य ऐकतांच कित्येक घरांतील वडील मंडळींच्या भुंवया वर चढल्या असतील, याची मला कल्पना आहे. म्हणून आरंभींच एक खुलासा करतों. मी स्वतः मद्य घेत नाहीं, आणि कोणीं तें घ्यावें असें सांगण्याचाहि माझा हेतु नाहीं. आपल्याकडे मद्यगृह म्हटलें कीं १९१९ सालीं रंगभूमीवर आलेल्या गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'ची आठवण होते. सिंधूचें दुःख आणि तळीरामाचें मंडळ डोळ्यांपुढें उभें राहतें. 'गुत्ता' हा आपला शब्दच असा आहे, कीं तेथें जाणारा मनुष्य मान खालीं घालूनच आंत शिरतो. दारूनें संसार धुळीस मिळविले ते कांहीं आपल्याच देशांत नव्हे. इंग्रजांच्या देशांतहि मिळविले. परंतु त्यांनीं त्या जागेला जें नांव दिलें, त्यांत दारूचा उल्लेखच नाहीं. तें नांव 'पब्लिक हाऊस'. 'पब' हें त्याचेंच लहान रूप. आपल्या भाषेंत सांगावयाचें तर चारचौघांचें घर. हें घर खरोखर घर असतें काय, आणि तें मोडलें तर कोणाचें काय जातें, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

२०१८ सालच्या नोव्हेंबरांत माझा लंडनला मुक्काम होता. एके दिवशीं दुपारीं टेम्स नदीवरील ब्लॅकफ्रायर्स पूल ओलांडून मी उत्तर तीरावर आलों, तोंच पावसानें गांठलें. पूल संपतो तेथून जवळच, आगगाडीच्या पुलाला खेटून, एक अरुंद त्रिकोणी इमारत उभी आहे. वड्या कापतांना ताटाच्या कडेला एखादा कोपरा उरावा, तशी. शेजारचीं जुनीं घरें केव्हांच गेलीं आणि ही एकटी मागें राहिली. दारावर एक लठ्ठ साधु काळ्या कफनींत, पोटावर हात ठेवून, प्रसन्न मुद्रेनें येणाऱ्याजाणाऱ्यांकडे पाहत उभा आहे. ह्या घराचें नांव 'द ब्लॅक फ्रायर', म्हणजे काळा साधु.

हा साधु तेथें उगाच आलेला नाहीं. तेराव्या शतकापासून ह्या परिसरांत डॉमिनिकन पंथाच्या साधूंचा मठ होता. त्यांच्या काळ्या झग्यावरून भागाला ब्लॅकफ्रायर्स हें नांव पडलें. आठवा हेन्री आणि राणी कॅथेरिन यांच्या विवाहाचा गाजलेला खटला १५२९ सालीं ह्याच मठांत चालला. आणि पुढें १५३८ सालीं त्याच राजाच्या अमलांत मठ बंद झाला. मठ गेला, नांव तेवढें राहिलें. आजची इमारत १८७५ च्या सुमाराची. १९०५ सालापासून वास्तुविशारद फुलर क्लार्क आणि शिल्पकार हेन्री पूल यांनीं तिचें आंतबाहेर रूप पालटलें आणि नाहींशा झालेल्या साधूंना त्यांच्या जागीं परत आणून बसविलें.

आंत पाऊल टाकलें आणि क्षणभर वाटलें, आपण चुकून एखाद्या देवळांत तर शिरलों नाहीं ना! भिंतींना रंगीबेरंगी संगमरवर, रुंद शेगडी, आणि वर तांब्याच्या पत्र्यांवर उठविलेलीं चित्रें. परंतु ह्या चित्रांतले साधु ध्यान करीत नाहींत. एका चित्रांत ते मासे धरीत आहेत, आणि खालीं लिहिलें आहे, 'उद्यां शुक्रवार'. शुक्रवारीं मांस वर्ज्य, म्हणून ही आदल्या दिवसाची तयारी! आमच्याकडे एकादशीच्या आदल्या दिवशीं साबुदाणा भिजत पडतो, त्यांतलाच हा प्रकार. पुढें एक छोटी कमानदार खोली आहे. तिच्या भिंतींवर बोधवचनें कोरलेलीं आहेत: 'घाई मंद असते', 'नटणें हा मूर्खपणा', 'शहाणपण दुर्मिळ'. मद्यगृहांत बसून ग्राहकानें शेवटचें वचन वाचावें, ह्यांतील विनोद करणाऱ्यानें जाणूनबुजून केला असला पाहिजे.

मी एका कोपऱ्यांत मेज धरून बसलों आणि इराण्याच्या हॉटेलांतल्या संवयीप्रमाणें पोऱ्याची वाट पाहूं लागलों. पांच मिनिटें गेलीं, दहा गेलीं, कोणी फिरकेना. शेजारच्या मेजावर एक वृद्ध गृहस्थ बसले होते. ते हळूच म्हणाले, "महाशय, येथें कोणी विचारावयास येत नाहीं. आपणच फळीपाशीं जावयाचें. तेथें रांग दिसणार नाहीं, पण ती आहे असें समजून वागा." मी गेलों. खरोखरच रांग दिसत नव्हती. परंतु कोण आधीं आला आणि कोण मागून, हें विक्री करणाऱ्या बाईंना आणि उभ्या असलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतें. माझ्या आधीं आलेल्या एकानें तर, "ह्यांच्यापूर्वीं मी आहें," असें न म्हणतां, माझ्या मागून आलेल्याला, "आतां ह्या गृहस्थांची पाळी," असें सांगितलें. मीं जिंजर बिअर मागितली. नांवांत बिअर असली तरी हें आल्याचें गोड पेय. त्यांत मद्य नसतें. मला वाटलें होतें, कोणी हंसेल. कोणी हंसलें नाहीं. कोणी वळूनहि पाहिलें नाहीं.

त्या वृद्ध गृहस्थांनीं मला जवळ बोलाविलें. त्यांच्यापुढें एक पिंटाचा, म्हणजे सुमारें ५६८ मिलिलिटरचा, पेला होता. आणि मी होतों तेवढ्या तासाभरांत तो अर्धाहि उतरला नाहीं. तळघरांतल्या पिंपांत ही एल बिअर शेवटपर्यंत आंबत असते, म्हणजे ती एका अर्थीं जिवंत असते. पिंप एकदां उघडलें कीं थोड्या दिवसांत संपलें पाहिजे, नाहींतर बिघडतें. म्हणून घरधन्याची खरी परीक्षा त्याच्या तळघरांत होते, हें सर्व त्यांनीं मला, एखाद्या गृहिणीनें विरजणाबद्दल सांगावें तितक्या आस्थेनें सांगितलें.

मग स्वतःची हकीकत निघाली. ते जवळच्या फ्लीट स्ट्रीटवर एका वृत्तपत्राच्या छापखान्यांत जुळारी होते. एके काळीं त्या रस्त्यावर आणि त्याच्या गल्ल्यांत इंग्लंडचीं बहुतेक मोठीं वर्तमानपत्रें निघत. रात्रपाळीच्या आधीं त्यांचे सहा जण येथें जमत. एकानें सर्वांसाठीं पेले आणावयाचे, पुढच्या खेपेस दुसऱ्यानें. कोणाची पाळी राहिली हें वर्षानुवर्षें कोणी लिहून ठेवलें नाहीं आणि कधीं चुकलें नाहीं. १९८६ पासून वर्तमानपत्रें एकामागून एक तो रस्ता सोडून गेलीं. शिशाचे खिळे गेले, त्यांच्याबरोबर ते जुळविणारे हातहि गेले. "आम्ही सहांचे आतां दोघे उरलों," ते म्हणाले, "आणि दुसऱ्याला जिना उतरवत नाहीं. पण मी गुरुवारीं येतों. घरीं मी एकटा असतों. येथें एकटा बसलों तरी एकटा नसतों."

श्रोतेहो, हें वाक्य ऐकलें आणि 'पब्लिक हाऊस' ह्या दोन शब्दांचा अर्थ मला उमगला. ज्या घरांत जाण्यास आमंत्रण लागत नाहीं, बसण्यास कारण लागत नाहीं, आणि न बोलतां बसलें तरी कोणी अपमान मानीत नाहीं, तें चारचौघांचें घर. पेला हें तेथील भाडें आहे. मुक्काम हा खरा माल आहे.

जॉर्ज ऑर्वेल ह्या लेखकानें हेंच ओळखलें होतें. तो १९०३ सालीं बिहारांत मोतीहारी येथें जन्मला. १९४१ ते १९४३ ह्या काळांत तो बी. बी. सी. च्या हिंदुस्थानासाठीं चालणाऱ्या विभागांत होता; वेणू चितळे ह्या मराठी विदुषी तेथें त्याच्या सहकारी होत्या आणि त्यानें लिहिलेलीं वार्तापत्रें मराठींतूनहि प्रक्षेपित होत. १९४६ सालीं त्यानें 'ईव्हनिंग स्टँडर्ड' पत्रांत आपल्या आवडत्या पबवर एक लेख लिहिला. जुनी सजावट, हिवाळ्यांत पेटलेली शेगडी, गिऱ्हाइकांना नांवानें ओळखणाऱ्या बायका, मागें बाग, असें सारें वर्णन करून शेवटीं तो सांगतो, कीं असें घर प्रत्यक्षांत कोठेंच नाहीं. त्याच्या यादींत आणखी एक गुण आहे: तेथें रेडिओ नसावा, म्हणजे माणसांना एकमेकांशीं बोलतां येतें. नभोवाणीवरून हें आपणांस सांगतांना मला अंमळ संकोच वाटतो. पण सत्य तें सत्य.

आतां हें घर मोडतें कसें, तें पाहूं. ब्लॅक फ्रायरवरहि १९६० नंतरच्या दशकांत पाडले जाण्याचा प्रसंग आला होता. कवि जॉन बेट्जमन आणि त्यांच्यासारखे कांहीं नागरिक आडवे पडले, म्हणून तो लठ्ठ साधु अजून दारावर उभा आहे. हे प्रयत्न दर वेळीं फळाला येतात असें नाहीं. त्याच बेट्जमनना यूस्टन स्थानकाची भव्य कमान वांचवितां आली नाहीं. ती पुढें १९६१-६२ मध्यें पाडण्यांत आली.

दुसरें उदाहरण अधिक बोलकें आहे. लंडनच्या मेडा व्हेल भागांत 'कार्लटन टॅव्हर्न' नांवाचा, १९२०-२१ सालीं बांधलेला एक साधा विटांचा पब होता. दुसऱ्या महायुद्धांतील बाँबवर्षावांतून तो वांचला. तेथें सदनिका बांधण्यास नगरपालिकेनें परवानगी नाकारली. सरकारी वारसासंस्था त्याला संरक्षण देण्याच्या विचारांत होती. आणि तोंच, २०१५ च्या एप्रिलमध्यें, मालकांनीं परवानगीवांचून तो जमीनदोस्त करविला. झालें तें झालें, दंड भरून मोकळे होऊं, असा हिशेब असावा. परंतु रहिवाशांनीं तो चालूं दिला नाहीं. वेस्टमिन्स्टर नगरपालिकेनें हुकूम काढला, कीं होता तसाच, वीट न् वीट, पुन्हां बांधून द्या. मालकांनीं अपील केलें. २०१६ सालीं चौकशी होऊन हुकूम कायम राहिला. आणि २०२१ च्या एप्रिलमध्यें त्या पबचें दार पुन्हां उघडलें. हें शक्य झालें, कारण रहिवाशांना आधींच शंका आली होती आणि त्यांच्या आग्रहानें इमारतीची बारकाईनें नोंद होऊन राहिली होती.

येथें कोणी विचारील, नव्या विटांत जुना स्वभाव येतो काय? प्रश्न रास्त आहे. शंभर वर्षांच्या धुरानें काळवंडलेली तुळई कोणत्याहि हुकुमानें परत येत नाहीं. परंतु मला वाटतें, स्वभाव हा निम्मा भिंतींत असतो आणि निम्मा येणाऱ्यांच्या पायांत. पाय पुन्हां वळले, कीं भिंती हळूहळू शिकतात. पाय वळले नाहींत, तर मूळची भिंतहि संग्रहालयांतली वस्तु होते. दक्षिण लंडनच्या ननहेड भागांतील लोकांनीं हें ओळखून २०१३ सालीं 'आयव्ही हाऊस' नांवाचा आपला पब शेंकडों भागधारक मिळवून स्वतःच विकत घेतला. २०११ च्या एका कायद्यानें असें स्थान विक्रीस निघाल्यास रहिवाशांना पैसा उभारण्यास मुदत मिळते. त्या मुदतीचा त्यांनीं उपयोग केला.

हें सर्व मी आपणांस कां सांगतों? मद्यगृहें वाढावींत म्हणून नव्हे. आपलींहि चारचौघांचीं घरें आहेत, म्हणून. इराण्याचें हॉटेल घ्या: संगमरवरी मेजें, वांकविलेल्या लांकडाच्या खुर्च्या, भिंतीवरचे आरसे, आणि एका चहावर तासभर बसूं देणारा गल्ल्यावरचा मालक. मुंबईंत धोबी तलावाजवळचें १९०४ सालचें कयानी अजून चालू आहे. पण किती तरी कोपऱ्यांवरचे इराणी आपल्या डोळ्यांदेखत नाहींसे झाले. वाचनालयाचें बांकडें, गांवचा पार, आळींतील देवळाचा ओटा, हीं तशींच घरें. एखादें बंद झालें, कीं आपण हळहळतों, वर्तमानपत्रांत चार ओळी वाचतों. पण शेवटचे आपण तेथें केव्हां गेलों होतों, हा प्रश्न स्वतःस विचारीत नाहीं.

मी निघालों तेव्हां पाऊस थांबला होता. त्या गृहस्थांना मीं म्हटलें, "आपली पाळी मजवर राहिली." ते म्हणाले, "राहूं द्या. पाळी राहिली, म्हणजे माणूस परत येतो." मी अद्यापि परत गेलेलों नाहीं, तें ऋण माझ्या अंगावर आहे. मात्र येथें आल्यापासून आमच्या आळींतल्या जुन्या हॉटेलांत दर गुरुवारीं चहाला जाण्याचा नेम मीं ठेविला आहे. श्रोतेहो, आपल्या शेजारींहि असें एखादें घर असेल. तें पडल्यावर त्याच्यासाठीं सभा भरविण्यापेक्षां, तें उभें आहे तोंवर तेथें जाऊन बसणें सोपें आहे.