गाठीचं लाकूड

सालेकसा तालुक्यातलं कचारगड तुम्हाला माघ पौर्णिमेच्या यात्रेमुळे ठाऊक असेल. दरेकसा स्टेशनावर उतरायचं, धनेगावहून डोंगर चढायचा आणि त्या अफाट गुहेसमोर उभं राहायचं. आपले आद्यगुरू पारी कोपार लिंगो यांच्या ओढीनं गोंड बांधव इथे कितीतरी राज्यांतून येतात. त्यांच्या परंपरेत ७५० कुळं आहेत आणि प्रत्येक कुळानं एक झाड, एक प्राणी, एक पक्षी राखायचा असतो. लाकडात काम करणाऱ्यानं इथून एवढं जरूर शिकावं, की हत्याराला हात लावण्याआधी झाड कुणाच्या राखणीतलं आहे ते विचारायचं.

आज मी बोलणार आहे खोडावर आवाळूसारख्या वाढलेल्या गाठीबद्दल. जखम, कीड, बुरशी, कधी वणवा, असं काही झाडाला सोसावं लागतं आणि त्या जागी कोंबांचे डोळे दाटीनं धरतात. त्यांच्याभोवती लाकूड वळत वळत वाढतं. अशा लाकडावर रंधा चालत नाही, फळी निघत नाही; म्हणून ते चुलीत जातं. मला याचं फार वाईट वाटतं. तंतूंना एक दिशा नसते, म्हणून गाठ सरळ लाकडासारखी एका रेषेत सहज चिरत नाही. अशा गाठीतून वाडगा घडवायचा तर आणखी काय हवं?

मात्र उभ्या झाडाची गाठ कापू नका. त्या घावातून कुज खोडात शिरते. वादळानं पडलेला बांधावरचा मोह किंवा आंबा बघा. लाकूड कुठलंही असो, परवानगी आणि वाहतुकीचा पास लागतो का, ते वनविभागाला आधी विचारा.

ओली गाठ लेथवर लावाल तेव्हा गती अगदी कमी ठेवा. तोल नसलेला ठोकळा हादरतो, सुटी साल उडते; तोंडावर जाळी किंवा काच हवीच. पहिल्या फेरीत वाडगा जाडच ठेवायचा: रुंदी १० इंच असेल तर भिंत १ इंच. मग त्याच्याच भुशात, सावलीत, काही महिने विसावू द्यायचा. आपल्याकडे मे महिन्याची काहिली आणि श्रावणाची ओल यांत लाकूड आकसतं, फुगतं. वाडगा वाकडा होईल. होऊ द्या. पुरता वाळला की पुन्हा लेथवर चढवून गोल करता येतो.

दुसऱ्या फेरीला गोल पटाशी घासून घासून धारदार ठेवा. बाहेरून बुडाकडून काठाकडे, आतून काठाकडून मध्याकडे, आणि घास हलका. मध्येच पटाशी खोल गेली तर तिथे लाकूड भुसभुशीत आहे, असं समजा. स्पिरिटमध्ये पातळ केलेला चपडा तिथे मुरवा, वाळू द्या, मग पुढे चला. आरपार चीर मात्र धोक्याची. फिरता वाडगा फुटून अंगावर येतो. तेवढा भाग कापून आकार लहान करा. काठाशी सालीचं भोक उरलं तर मी ते बुजवत नाही. झाडानं जिथे घाव सोसला, ती जागा दिसायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

शेवटच्या हातासाठी लागणारं सगळं आपल्या मातीत आहे. धान उभं असतानाच बांधीत फेकलेल्या जवसाचं तेल हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं. शेंगदाण्याचं किंवा खोबऱ्याचं तसं होत नाही. पॉलिश पेपरनं ४०० नंबरापर्यंत घासून तेल चोळा, वरचं पुसा, वाळायला दिवस द्या, मग दुसरा हात. चकाकी हवी असेल तर पळस-कुसुमावरच्या लाखेपासून निघालेला चपडा आहेच. पण असा वाडगा मोहफुलं, चारोळी अशा कोरड्या जिनसांसाठी ठेवा. गरम भाजीनं चपड्यावर पांढरे डाग उठतात.

आणि जवसाच्या तेलाचे बोळे गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेल वाळताना उष्णता सोडतं आणि ढिगातलं कापड आपोआप पेटू शकतं. एकेक फडकं उघड्यावर दोरीवर पसरा, कडक वाळलं की मगच टाका.