मालाचा माग



या व्यासपीठावर विद्वान बोलतात. मी नववीनंतर कारखान्यात गेलेला माणूस. जे काही वाचले ते रात्रपाळी नसेल तेव्हा, नगरवाचनालयात. म्हणून शास्त्र सांगण्याचा आव आणीत नाही. अखंड चालणाऱ्या कारखान्यात एकेका नगाचा माग कसा ठेवतात आणि त्यात माणसाचे काय होते, एवढेच सांगणार आहे.

'माग' हा शब्द आपल्या भाषेत दोन अर्थांनी चालतो. एक विणण्याचा माग आणि दुसरा चोराचा माग. माझे वडील मुंबईच्या गिरणीत साचे चालवीत. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात ते बाहेर पडले, ते कायमचेच. त्यांच्या धंद्यात हे दोन्ही अर्थ एकत्र येत. कापसाची गाठ फोडली की तिच्यातला कापूस दुसऱ्या गाठींच्या कापसात मिसळतो. पिंजून त्याचे पेळू होतात. सहा-सहा, आठ-आठ पेळू एकत्र ओढून त्यांचा एक होतो. मग सूत, मग कापड. हे सूत कोणत्या गाठीतले, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. पण कापड कोणत्या साच्यावरचे, ते लगेच कळे. वाटेतल्या सगळ्या ओळखी पुसलेल्या आणि शेवटी नाव उरलेले एकट्या विणकराचे! कच्च्या सुतामुळे धागे तुटले, तरी खोट त्याच्याच नावावर. एके काळी मुंबईच्या गिरण्यांतून असे खराब कापड विणकराच्याच गळ्यात मारीत आणि त्याची किंमत पगारातून कापून घेत.

१९३६ च्या वेतन प्रदान कायद्याने याला लगाम घातला. नुकसान कामगाराच्या हयगयीमुळे झालेले असले पाहिजे आणि कपात करण्यापूर्वी त्याला आपले म्हणणे मांडण्याची संधी मिळाली पाहिजे, असे ठरले. त्या कायद्याची जागा आता २०१९ च्या वेतन संहितेने घेतली आहे; हे तत्त्व तिच्यातही आहे. परंतु नुसते म्हणणे मांडून भागत नाही. त्याला पुरावा लागतो, आणि पुरावा असतो मालकाच्या कपाटात.

पंचवीस वर्षांपूर्वीची हकीकत सांगतो. कारखान्याचे नाव घेत नाही. तेथे गिअर होत. गिअरचा दात वरून कठीण आणि आतून चिवट असावा लागतो. त्यासाठी गिअर सुमारे नऊशे अंशांवर तापवून त्यांच्या पृष्ठभागात कार्बन मुरवतात आणि मग तेलात बुडवून एकदम थंड करतात. भट्टी लांबलचक होती. तिच्यात एकामागे एक असे २४ ट्रे. दर २० मिनिटांनी मागून एक ट्रे ढकलला, की पुढून एक बाहेर पडे. इतर खात्यांत मालाबरोबर कार्ड फिरते. येथे कार्ड जळून जाईल. मग माग ठेवायचा कसा? घड्याळाने! २४ ट्रे आणि २० मिनिटे, म्हणजे ४८० मिनिटे, पुरे आठ तास.

एके दिवशी संध्याकाळी पाचच्या सुमारास बाहेर पडलेले गिअर तपासणीत मऊ निघाले. भट्टीवर एक तरुण होता, साडेतीनच्या पाळीला आलेला. रजिस्टरात त्याचा नंबर, म्हणून आरोपपत्रही त्यालाच. रडवेला होऊन तो युनियनच्या खोलीवर आला. "दादा, मी काहीच केलं नाही हो." मी म्हटले, "अरे, बस. आधी हिशेब करू." पाचला बाहेर आलेला ट्रे सकाळी नऊला आत गेलेला. तेव्हा हा पोरगा घरी होता.

आम्ही खूश झालो. पण लगेच दुसरा प्रश्न उभा राहिला. सकाळी नऊला भट्टीवर कोण होते? तोही आमचाच सभासद, दोन मुलींचा बाप. एक-दोघे म्हणाले, त्याचे नाव देऊन टाका, प्रकरण मिटेल. कबूल करतो, क्षणभर मलाही तो मार्ग सोपा वाटला.

मग आम्ही भट्टीच्या तपमानाचा आलेख मागितला. तिसऱ्या दिवशी मिळाला. अकराच्या सुमारास त्यावरची रेघ खाली घसरली होती, ती पाऊण तास वर आली नाही. एका टप्प्याचे हीटर बंद पडले होते. ट्रे ढकलणे तेव्हाच थांबवायला हवे होते. परंतु माल त्याच दिवशी रवाना करायचा, म्हणून काम चालू ठेवा, असा वरून हुकूम आला होता. तो लॉगबुकात लिहिलेला सापडला. त्या पाऊण तासात त्या टप्प्यात कोणते ट्रे होते ते मोजले, तेव्हा संशयित माल नेमका वेगळा काढता आला आणि बाकीचा निर्धास्त पुढे गेला. आरोपपत्र मागे घेतले गेले. पण मंडळी, आमचा हिशेब नऊ वाजताच थांबला असता, तर एका निरपराध माणसाच्या जागी दुसरा उभा करून आम्ही पेढे वाटले असते!

आपण म्हणाल, हा कारखान्यातला तंटा, आम्हांला त्याचे काय? असा मऊ गिअर एखाद्या बसमध्ये बसतो, आणि त्या बसने आपण घाट उतरतो. औषधाच्या पाकिटावरचा बॅच नंबर हाही असाच माग आहे. खोट निघाली तर तेवढाच माल परत बोलावता यावा, म्हणून तो असतो. तेव्हा माग ठेवायलाच हवा. मी त्याच्या विरुद्ध नाही.

आज नगावर ठिपक्यांचा चौकोन कोरतात, कॅमेरा तो वाचतो. कोणत्या यंत्रावर, किती वाजता, कोणाच्या हातून, हे संगणकात उमटते. साधने बदलली, पण माझा प्रश्न जुनाच आहे. कामगाराचा नंबर सेकंदासकट नोंदला जातो. तसा बिघडलेल्या हीटरचा, पुढे ढकललेल्या दुरुस्तीचा आणि वरून आलेल्या हुकमाचाही नोंदला जातो काय? आणि ज्याचा नंबर त्या नोंदीत आहे, त्याला ती वाचायला मिळते काय? आमच्या भट्टीवरच्या पोराला तीन दिवस थांबावे लागले, आणि ते तीन दिवस तो घरी जेवला नाही. पुढच्या पोराला ती नोंद त्याच दिवशी मिळावी, एवढीच माझी मागणी आहे.