काचेची नळी आणि वीस मिनिटं



घोणस किंवा फुरसं चावलेला माणूस प्राथमिक आरोग्य केंद्रात आला, की विषामुळे त्याचं रक्त गोठायचं थांबलंय का, हे आधी पाहावं लागतं. त्याला मोठी प्रयोगशाळा नको. काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत शिरेतलं 2 मिलिलिटर रक्त घ्यायचं, नळी 20 मिनिटं उभी ठेवायची आणि मग तिरकी करायची. रक्त गोठलं नसेल तर प्रतिविष सुरू.

एमबीबीएसच्या पेपरात हे सगळे बिनचूक लिहितात. हातात नळी आली की खरी परीक्षा. कोणी प्लॅस्टिकची नळी उचलतो. पण गोठण्याला चालना मिळते ती काचेच्या स्पर्शाने. कोणाला धीर नसतो, तो दर दोन मिनिटांनी नळी हलवून बघतो. आणि नळी साबणाने धुतलेली असेल, तर धडधाकट माणसाचं रक्तही गोठत नाही. म्हणून माझ्या इंटर्न मुलांना मी आधी वॉर्डातल्या मावशींकडे पाठवतो. ‘मावशी, या नळ्या कशाने धुतल्या?’ हे विचारणं चाचणीचाच भाग आहे. निकाल चुकला तर गरज नसताना प्रतिविष टोचलं जातं. ते घोड्याच्या रक्तापासून बनतं, त्याची जिवावर बेतणारी रिअ‍ॅक्शन येऊ शकते. अ‍ॅड्रिनॅलिन सिरिंजमध्ये भरून ठेवल्याशिवाय बाटली लावायची नाही.

2019 पासून नव्या अभ्यासक्रमात कौशल्यांवर भर आला, स्किल लॅब आल्या. चांगलं झालं. हृदय बंद पडलं तर छाती 5 ते 6 सेंटिमीटर दाबायची, मिनिटाला 100 ते 120 वेळा, हे पुतळ्यावरच शिकावं. पण पुतळ्याची शीर कधी निसटत नाही, आणि त्याचे नातेवाईक दारात उभे नसतात.

शिवाय नाग आणि मण्यार काचेच्या नळीच्या या चाचणीला दाद देत नाहीत. त्यांच्या दंशात रक्त व्यवस्थित गोठतं आणि नवखा डॉक्टर निर्धास्त होतो. तिथे पापण्या मिटू लागल्यात का ते बघायचं, रुग्णाला एका श्वासात आकडे मोजायला सांगायचं. मघाशी तीसपर्यंत गेलेला आता पंधरावर थांबला, तर श्वासाची नळी घालायची तयारी.

रक्त न गोठणाऱ्या रुग्णाची चाचणी प्रतिविषानंतर 6 तासांनी पुन्हा करतात, कारण गोठवणारे घटक नव्याने तयार करायला यकृताला तेवढा वेळ लागतो. तोवर ड्युटी बदललेली असते. तेव्हा केसपेपरवर पुढच्या चाचणीची वेळ ठळक लिहायची आणि येणाऱ्या डॉक्टरला ती तोंडीही सांगायची.